रांजणवाडी, पापण्यांचा कोंडा आणि पसरती सूज : ओळख व उपचार



या पानावर आम्ही एरवी लावणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याच्या बगला फोडणे, हुमणी, लोकरी मावा असले विषय घेतो. या खेपेस विषय डोळ्याचा घेतला आहे, आणि तोही सबंध डोळ्याचा नव्हे, नुसत्या पापणीचा. कुणी म्हणेल, ऊस विकास खात्याला हा उद्योग कुणी सांगितला? तर ऐका. गळीत हंगाम सुरू झाला की आमची माणसे रोज फडावर असतात. सुजलेली पापणी, चिकटलेले डोळे आणि त्यावर बांधलेले मळके फडके दिसले नाही असा आठवडा जात नाही. सभासदाच्या घरी गेलो तर तिथेही तेच. विचारले की उत्तर ठरलेले : "काही नाही हो साहेब, रांजणवाडी आलीया, बसंल आपोआप." बहुतेक वेळा ती खरोखरच बसते. पण दर वेळी ती रांजणवाडीच असते असे नाही, आणि लेख लिहायचे कारण तेवढेच आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे, आमची पदविका शेतीची. तेव्हा औषधांचे डोस या लेखात सापडणार नाहीत. पण रोग ओळखणे म्हणजे काय, हे शेतीने आम्हाला शिकवले आहे. उसाचा पोंगा वाळलेला दिसला की आपण तो उपटून बघतो. सहज उपटला आणि घाण वास आला तर खोडकिडा म्हणतो. नुसते पान पिवळे दिसले म्हणून कुणी शहाणा शेतकरी दुकानात जाऊन दिसेल ते औषध आणीत नाही. लोह कमी आहे, पाणी साचले आहे, की मुळाला हुमणी लागली आहे, हे आधी बघतो. मग आपल्याच लेकराच्या डोळ्याच्या बाबतीत आपण शेजाऱ्याकडची अर्धी उरलेली नळी का लावतो, हे आम्हाला कोडे आहे.

पापणीची रचना

अंगावरच्या सगळ्या कातडीत पापणीची कातडी पातळ. तिच्याखालचा भाग सैल असतो, त्यामुळे थोडेसे काही झाले तरी तिथे पाणी साचते आणि पापणी बघता बघता फुगते. म्हणून सूज किती मोठी यावरून आजार किती मोठा हे ठरत नाही. मधमाशी चावलेल्याची पापणी भजी फुगावी तशी फुगते आणि दोन दिवसांत उतरते. उलट खरा घातक आजार पहिल्या दिवशी बेताचीच सूज दाखवतो.

पापणीच्या कडेला केसांची रांग आहे. त्या केसांच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात. शिवाय पापणीच्या आतल्या जाडीत उभ्या, तेल पाझरणाऱ्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण तीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस. हे तेल डोळ्यातल्या पाण्यावर पातळ थर धरते, म्हणून पाणी लवकर सुकत नाही. शेतातल्या पाटाचे तोंड पालापाचोळ्याने तुंबले की वर पाणी साचते, तसेच या ग्रंथीचे तोंड तुंबले की आत तेल साचते. साचलेल्यात जंतू वाढले की पू धरतो.

आता हे जंतू येतात कुठून? बाहेरून नव्हे, ते आपल्या अंगावरच असतात. स्टॅफिलोकॉकस नावाचे हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखे दिसतात. त्यांतली जी पू करणारी जात आहे, ती दर तीन माणसांत साधारण एकाच्या नाकात वस्ती करून असते आणि त्याला काही त्रास होत नाही. बोट नाकाला लागते, तेच बोट डोळ्याला जाते. उसाच्या फडात बोट डोळ्याला जाण्याला तोटा नाही. पाचटाची धूळ, वाढ्याची कूस, जळीत उसाची काजळी आणि त्यावर घाम. तोडणारा माणूस कोयता खाली ठेवतो आणि मनगटाने, बाहीने नाहीतर टॉवेलाने डोळा रगडतो. पापणीला सूक्ष्म ओरखडे पडतात आणि जंतूला दार उघडते. गुऱ्हाळावर चुलवाणात जळण सारणाऱ्या माणसाचे तर विचारूच नका, धूर आणि धग दोन्ही तोंडावर. त्याच्या पापण्यांच्या कडा हंगामभर लाल असतात.

रांजणवाडी

रांजणवाडी म्हणजे वर सांगितलेल्या ग्रंथीला झालेले गळू. केसाच्या मुळाशी झाली तर कडेवर लाल पुळी येते, दुखते, दोन-तीन दिवसांत तिला पिवळे तोंड येते आणि फुटून पू जातो. आतल्या तेलाच्या ग्रंथीत झाली तर पापणीच्या मध्ये गाठ दुखते आणि तोंड आतल्या बाजूला पडते. हिला बसायला जास्त दिवस लागतात.

ओळखायची खूण सोपी. दुखणे एका ठिकाणी असते. बोटाच्या टोकाने हळूच कडेवरून चाचपले तर एकाच बिंदूला माणूस "आई गं" म्हणतो. डोळ्याचा पांढरा भाग बहुतांशी पांढराच राहतो, दिसायला स्वच्छ दिसते आणि ताप नसतो.

उपचार एकच आणि तो फुकट आहे : ओला गरम शेक. स्वच्छ पाणी उकळून कोमट होऊ द्यावे. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतके गरम असावे, त्याहून जास्त नको. धुतलेल्या सुती कापडाची घडी त्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर ठेवावी. गार झाली की पुन्हा बुडवावी. असे दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. उष्णतेने घट्ट झालेले तेल पातळ होते, तोंड मोकळे होते आणि पू आपसूक वाट काढतो. बहुतेक रांजणवाड्या आठवडा ते दोन आठवड्यांत अशाच बसतात. दुखत असेल तर पॅरासिटामॉलची गोळी चालते.

दहा मिनिटे हा शब्द पुन्हा वाचावा. आम्ही विचारतो, "शेक दिला का?" "दिला की." किती वेळ? तर चहाचे आधण येईपर्यंत. असा शेक म्हणजे आडसालीला एकच पाणी देऊन उतारा किती पडला म्हणून विचारण्यासारखे आहे.

कोरडा शेक मात्र टाळावा. तव्यावर फडके तापवून डोळ्याला लावायची रीत आपल्याकडे घरोघर आहे. तापलेल्या फडक्याचा अंदाज येत नाही, आणि पापणीची कातडी इतकी पातळ की लहान मुलाला चटका बसायला वेळ लागत नाही. तळहातावर बोट चोळून, गरम करून पुळीला लावतात, सोन्याची अंगठी घासून लावतात, त्यात वाईट काही नाही. तोही एक इवलासा शेकच झाला. फक्त बोट धुतलेले असावे. लवंग उगाळून लावणे, चुना, बिब्याचे तेल, लसणीचा रस हे मात्र बंद करावे. बिबा आणि चुना बुबुळाला लागला तर रांजणवाडी राहते बाजूला आणि बुबुळावर जखम होते. चुन्याने कायमचा डोळा जाऊ शकतो.

पुळी पिळू नये. हे सांगून सांगून थकलो, तरी माणसे पिळतातच. पिळल्याने पू बाहेर येण्याऐवजी भोवतालच्या सैल भागात दाबला जातो आणि सूज पसरते. केस उपटायचा असेल किंवा चीर द्यायची असेल तर ते काम डॉक्टरांचे. सूज असेपर्यंत काजळ आणि सुरमा लावू नये. घरातल्या बायकांनी एकाच डबीतले काजळ वापरू नये. काही सुरम्यांत शिसे असते, तेव्हा लहान मुलांना तो एरवीही नको.

गाठ

रांजणवाडी बसली पण मागे वाटाण्याएवढी टणक, न दुखणारी गाठ राहिली, असे पुष्कळांचे होते. यात जंतू नसतात, अडकलेल्या तेलाभोवती शरीराने केलेली ती गाठ असते. शेक चालू ठेवला तर महिना-दोन महिन्यांत विरते, नाही विरली तर डॉक्टर आतून छोटी चीर देऊन काढतात. मात्र पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, किंवा गाठीवरचे पापणीचे केस झडले असतील, तर ती गाठ तपासणीला पाठवलीच पाहिजे. तेलाच्या ग्रंथीचा कर्करोग असाच मुकाट्याने येतो, आणि तो आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो.

पसरती सूज : इथे थांबून वाचावे

आता मुख्य मुद्दा. पापणीला झालेली जखम, कीटकाचा चावा, पिळलेली रांजणवाडी किंवा सर्दीने तुंबलेली नाकाशेजारची पोकळी, यातून जंतू पापणीभर पसरतात. सबंध पापणी लाल, गरम, ताणलेली होते. एका बिंदूला न दुखता सगळीच दुखते. याच्या दोन पायऱ्या आहेत. पापणी आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये एक पातळ पडदा आहे, शेताच्या बांधासारखा. सूज बांधाच्या अलीकडे आहे तोवर डोळा सुरक्षित असतो. डॉक्टर पोटातून घ्यायची प्रतिजैविके देतात आणि काही दिवसांत आराम पडतो. बांध ओलांडून पू पलीकडे, खोबणीत गेला की गोष्ट वेगळी होते. दृष्टीची शीर तिथेच आहे आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही तिथूनच जातात. उशीर झाला तर डोळा जातो, आणि मेंदूपर्यंत पोहोचले तर जीव जातो.

बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हे घरच्या माणसाला कळू शकते. सुजलेली पापणी हाताने हळूच उघडावी आणि चार गोष्टी बघाव्यात. पहिली, डोळा चारी दिशांना फिरतो का? बोट धरून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगावे. फिरताना आत दुखते का, हे विचारावे. दुसरी, दिसते का? चांगला डोळा झाकून बोटे मोजायला लावावीत. एकाची दोन दिसतात का तेही विचारावे. तिसरी, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो का? समोरून नव्हे, मुलाला बसवून डोक्याच्या वरून खाली बघितले तर दोन्ही डोळ्यांतला फरक चटकन कळतो. चौथी, ताप, उलटी, डोकेदुखी, गुंगी आहे का? चारांपैकी एक जरी होय आले तरी सकाळची वाट बघू नये. रात्र असली तरी निघावे. पापणी इतकी फुगली असेल की उघडताच येत नाही, तर तेही होयच समजावे, कारण आतले बघता येत नाही म्हणजे धोका नाही असे होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाची पापणी लाल होऊन फुगली तर चार गोष्टी बघत बसूच नये.

गेल्या एका हंगामातली हकिगत आहे. आमच्या एका सभासदाचा सात वर्षांचा नातू, आठ दिवस नाक वाहत होते. मग डाव्या डोळ्याची पापणी सुजली. घरात सगळ्यांनी रांजणवाडी ठरवून टाकली, आजीने लवंग उगाळून लावली. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण. तिसऱ्या दिवशी आमचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी द्यायला गेला, तर पोरगं सोप्यात पडलेलं, डोळा मिटलेला आणि बोलावले तर मान वळवून बघत होता, डोळा वळवत नव्हता. चिटबॉय पोरगा हुशार. त्याने आजोबांना सांगितले, "आण्णा, ही रांजणवाडी न्हवं, उसाचं उद्या बघू, आदी गाडी काढा." दुपारी कोल्हापुरात दाखल केले. नाकाशेजारच्या पोकळीतला पू डोळ्याच्या खोबणीत उतरत होता. शिरेतून औषधे सुरू झाली, पू काढावा लागला, दवाखान्यात बरेच दिवस काढले. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस घरी राहिला असता तर सांगता आले नसते. त्या घरी त्या आठवड्यात तोड आलेली होती आणि वाहन फडात उभे होते. आजोबांनी फड सोडून गाडी काढली हे बरे झाले, कारण आपल्यातले बरेच जण "एवढी खेप भरून जाऊ दे" म्हणणारे आहेत. तोड पुढे-मागे करून देणे आमच्या हातात आहे. असे कारण असेल तर गट ऑफिसला बेधडक सांगावे, आम्ही पुढची नोंद आधी घेऊ.

कुठे जावे? साध्या रांजणवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्र पुरे. पसरत्या सुजेला ग्रामीण रुग्णालय किंवा सरळ कोल्हापूरचा सीपीआर दवाखाना, आपले जुने लोक ज्याला थोरला दवाखाना म्हणतात तो. वाहन नसेल तर 108 नंबर फिरवावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून फुकट आहे. टोळीतल्या मुकादमांनीही हे ध्यानात ठेवावे. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या माणसाला इथला दवाखाना ठाऊक नसतो आणि कोपीतले पोर आजारी पडले तर कुणाला विचारावे हेही कळत नाही. त्यांना वाट दाखवणे ज्याचा फड आहे त्या सभासदाचे काम आहे, असे आमचे मत आहे.

पापण्यांचा कोंडा

हा आजार जीव घेत नाही, पण वर्षानुवर्षे छळतो. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंड्यासारख्या किंवा मेणासारख्या खपल्या, डोळ्यात वाळू गेल्यासारखी खुपखूप. उसाचा रस काढून राहते ते चिपाड आणि डोळ्यात साचते ते चिपडं, दोन्ही काढून टाकायचे असतात एवढे साम्य पुरे. खपली काढली की खाली बारीक जखम दिसते आणि पापणीचे केस झडू लागतात, तेव्हा तिथे जंतू बसले आहेत असे समजावे. ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे त्यांना हा जास्त होतो, तेव्हा डोक्याचाही उपाय करावा. क्वचित लहान मुलांच्या पापणीच्या केसांना लिखा चिकटलेल्या असतात आणि त्या कोंड्यासारख्या दिसतात. भिंगातून बघितले की कळते.

याचा उपचार एकदा करून संपणारा नाही. तण एकदा काढले म्हणून शेत वर्षभर स्वच्छ राहत नाही, तसेच. आधी वर सांगितल्याप्रमाणे पाच-दहा मिनिटे ओला गरम शेक. मग उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा किंवा लहान मुलांच्या शांपूचे दोन-तीन थेंब टाकून, कापसाच्या बोळ्याने मिटलेल्या डोळ्याच्या पापणीची कड आडवी पुसावी. प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. सुरुवातीला दिवसातून दोनदा, आराम पडल्यावर एकदा, आणि हे महिनोन् महिने चालू ठेवायचे. डॉक्टर गरज वाटली तर रात्री कडेला लावायचे मलम देतात. जुन्या दुखण्यात काही वेळा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला चालत नाहीत, म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये.

एक गोष्ट पाटलांपासून पोरांपर्यंत सर्वांना. रांजणवाड्या एकामागून एक येत असतील तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेह आहे हे माहीत नसलेल्या माणसाला पहिला इशारा कधी कधी असल्या गळवांतून मिळतो. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना आमचे आम्हालाच हसू येते, पण खरे आहे.

खुपऱ्या : गेलेला रोग

म्हाताऱ्या माणसांना खुपऱ्या हा शब्द माहीत असेल. तोही पापणीच्याच आतला जंतुरोग. याचे जंतू वेगळे, क्लॅमिडिया जातीचे. ते 1957 साली चीनमध्ये प्रथम प्रयोगशाळेत वाढवता आले. लहानपणी वरच्या पापणीच्या आत दाणे येतात. रोग पुन्हा पुन्हा होत राहिला की तिथे व्रण पडतात, व्रण आकसला की पापणी आत वळते आणि तिचे केस दर मिटण्याला बुबुळ घासतात. हातपाय धड असलेला माणूस चाळिशी-पन्नाशीत असा घासून घासून आंधळा होई. उत्तरेकडच्या कोरड्या मुलखात त्याचा जोर फार. भारत सरकारने 1963 साली यावर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पुढे तो 1976 च्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गेला. 1971 साली देशातल्या एकूण अंधत्वापैकी 5 टक्के या एका रोगाने होते. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरलेला नाही, असे जाहीर केले.

हा रोग गेला तो नुसत्या औषधाने नाही. एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात तो बोटांनी, फडक्यांनी आणि माशांनी जातो, आणि ही माशी उघड्यावरच्या माणसाच्या विष्ठेत वाढते. म्हणून मलमाबरोबर मुलांची तोंडे धुणे, पाणी आणि संडास हे तिन्ही त्या कामात होते. आपल्याकडे 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा पुष्कळांनी त्याला झाडू मारायची स्पर्धा म्हणून हसण्यावारी नेले. डोळ्यावरची माशी तिथूनच येते हे तेव्हा कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. आज तोडणी कामगारांच्या तळावर पाण्याची टाकी, फिरता संडास मागितला की खर्चाचा हिशेब निघतो. आमची टाचण एवढीच की हिशेबात डोळ्यांचाही रकाना असावा.

औषधाबद्दल

ज्या स्टॅफिलोकॉकस जंतूने रांजणवाडी होते, त्याच जंतूच्या बशीत 1928 साली लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशी वाढलेली दिसली आणि बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले. तिथून पेनिसिलीन निघाले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना याच औषधासाठी स्थापन झाला. पण गंमत बघा, ज्या जंतूवर पेनिसिलीनचा शोध लागला, तोच जंतू थोड्याच वर्षांत पेनिसिलीनला दाद देईनासा झाला. एकच कीटकनाशक सारखे, कमी मात्रेत फवारले की कीड निगरगट्ट होते, हे आपण कापसावर आणि भाजीपाल्यावर पाहिलेच आहे. म्हणून डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्यावे, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या डबीत टाकू नयेत. आणि ज्यांनी कधी बागेत स्ट्रेप्टोसायक्लिन फवारले आहे त्यांनी एवढे समजून असावे की पिकाची पुडी पिकासाठी असते. पुडीवर प्रतिजैविकाचे नाव आहे म्हणून ती पाण्यात कालवून डोळ्यात घालू नये. हे लिहायची वेळ यावी हेच विशेष, पण तसे विचारणारे भेटले आहेत.

सगळ्यात मोठा धोका दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र थेंबांचा. पुष्कळ थेंबांत प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉईड असते. त्याने लाली एका दिवसात उतरते, माणूस खूश होतो. पण उसाचे पाते किंवा काडी डोळ्याला लागून बुबुळावर ओरखडा पडला असेल तर त्यात बुरशी धरते, आणि स्टिरॉईड त्या बुरशीला खतासारखे लागू पडते. बुबुळावर पांढरा ठिपका येतो, तो वाढतो आणि फूल पडून दृष्टी जाते. बरेच दिवस घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ती डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय डोळ्यात घालू नये. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावे. पाते लागलेला डोळा दुसऱ्या दिवशीही लाल, पाण्याने भरलेला आणि उजेड सोसत नसेल, तर ती पापणीची गोष्ट राहिली नाही, नेत्रतज्ज्ञाकडेच जावे. तणनाशक किंवा कीटकनाशक उडाले तर दवाखान्याला निघायच्या आधी जागेवरच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा, आणि डबा बरोबर न्यावा.

मलम लावायची रीतही सांगून ठेवतो. हात साबणाने धुवावेत. खालची पापणी बोटाने खाली ओढून तयार झालेल्या खोबणीत तांदळाच्या दाण्याएवढे मलम सोडावे. नळीचे तोंड डोळ्याला किंवा केसाला लागू देऊ नये. मग डोळा मिटून मिनिटभर थांबावे. पाच-दहा मिनिटे धूसर दिसेल, तेवढ्यात मोटारसायकल काढू नये. शक्यतो रात्री झोपताना लावावे. उघडलेली नळी किंवा बाटली एका महिन्यानंतर टाकून द्यावी, आत औषध उरले असले तरी. उघडल्याची तारीख नळीवर पेनाने लिहून ठेवली तर घोळ होत नाही. ज्याचा डोळा त्याची नळी आणि ज्याचा डोळा त्याचा टॉवेल. फडावर नेताना डोके बांधायचे फडके वेगळे आणि तोंड पुसायचे वेगळे ठेवावे, दोन्ही रोज धुवून उन्हात वाळवावीत.